ओमानची खारीक, साताऱ्याचा लाडू

खारीक झाडाला लागत नाही, ती शिजवावी लागते. खजूर पिकून मऊ व्हायच्या आधी, पिवळाधमक आणि करकरीत असतानाच त्याचे घड उतरवायचे. फळं सुटी करून तांब्याच्या भल्यामोठ्या हंड्यांत उकळायची आणि रणरणत्या उन्हात मोकळ्यावर पसरून वाळवायची. काही दिवसांत फळ आक्रसतं, सालीला सुरकुत्या पडतात, रंग पिवळ्याचा तपकिरी होतो. मग ते वर्षभर टिकतं, बोटीत हलतं-आदळतं तरी फुटत नाही, ओलं होऊन सुकलं तरी सहसा सडत नाही. ओमानात या कामाला तब्सील म्हणतात, तयार मालाला बुसूर म्हणतात. त्यासाठी मुद्दाम राखलेली खजुराची जात म्हणजे मबसली. हा माल पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आला तो मुख्यतः हिंदुस्थानासाठी. आपल्या बाळंतिणीच्या लाडवासाठी, बाळाच्या गुटीसाठी, पूजेच्या विड्यासाठी आणि लग्नातल्या ओटीसाठी.

मी सोहारमध्ये राहते. मस्कतच्या वायव्येला, बातिना किनाऱ्यावरचं हे गाव. नवरा इथल्या औद्योगिक बंदरालगतच्या एका कारखान्यात आहे. बंदराचं काम 2002च्या सुमारास सुरू झालं आणि मागोमाग तेलशुद्धीकरण, पोलाद, ॲल्युमिनियम असे प्रकल्प आले. त्यांच्याबरोबर फलज अल कबाइलच्या वस्तीत मराठी कुटुंबंही आली. लग्नाआधी मी साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे नव्या गावात गेलं की जुनं काय आहे ते शोधायची खोड जात नाही. इथे आल्यावर किल्ला, मासळीबाजार, कोरड्या नद्यांची पात्रं सगळं पालथं घातलं. पण मला खरं धरून ठेवलं ते खारकेने, आणि त्याचं कारण माझे आजोबा.

आबा जावळी तालुक्यातले. जमीन थोडी आणि डोंगरउताराची. भाताचा एक हंगाम झाला की गावातली तरणी माणसं मुंबईला जायची. आबा मस्जिद बंदरला माथाडी झाले. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत. सकाळी खांद्यावर टॉवेल आणि हातात आकडा घेऊन बाजारात उभं राहायचं. भात बाजार, मिरची गल्ली आणि खारीक बाजार ही आबांची मुंबई होती. राणीचा बाग त्यांनी आम्हा नातवंडांना दाखवला तेव्हाच स्वतः पहिल्यांदा पाहिला. 1969 साली अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याने माथाडी कायदा झाला, तोवर मजुरी मुकादम देईल ती. खारकेचं पोतं पाठीला टोचतं, मिरचीचं पोतं डोळ्यांना लागतं आणि खोबऱ्याचं पोतं तेवढं मायाळू, असं ते म्हणत. दिवाळीला गावी येताना पिशवीत खारीक असायची. आजी विचारायची, "कुठली ओ?" आबांचं उत्तर ठरलेलं असे, "मस्कती."

मस्कत म्हणजे नेमकं कुठे, हे त्या घरात कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मस्कती हा खारकेचा दर्जा होता, जसा आंबा देवगडचा आणि हळद सांगलीची.

म्हणून इथे आल्यावर एका जुलैमध्ये मी हट्टाने शर्कियाला गेले. सोहारहून मस्कत ओलांडून वाळवंटाच्या कडेला बिदिया आणि आसपासची गावं लागतात. मबसलीचा मुलूख आज मुख्यतः तोच. शाळांना सुट्टी लागलेली असते आणि आपली बहुतेक कुटुंबं भारतात निघून गेलेली असतात. ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नाही. आणि नेमकं तेव्हाच हे लोक चुली पेटवतात, कारण फळ थांबत नाही. पिवळं आहे तोवर उतरवलं नाही तर चार दिवसांत त्याचा रुतब होतो, म्हणजे ते मऊ पडतं आणि मग त्याची खारीक होत नाही.

बागेच्या कडेला मातीचा ओटा, त्यात खोल चूल, चुलीवर तांब्याचा हंडा. हंड्याला मिर्जल म्हणतात. जळण खजुराचंच, वाळलेल्या झावळ्या आणि खोडावरचे बुडखे. पाणी खळखळलं की फळं सोडायची, पाव-अर्धा तास उकळू द्यायची आणि लांब दांड्याच्या झाऱ्याने काढायची. एक म्हातारबाबा चुलीपाशी बसले होते. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. एक फळ काढायचे, अंगठ्याने दाबायचे आणि तोंडात टाकायचे. मला त्यांनी आधी कच्चं फळ दिलं. जीभ आवळून आली. मग हंड्यातलं दिलं. तेच फळ, पण तुरटपणा पार गेलेला. उकळल्याने फळातला तुरटपणा बांधला जातो, तो जिभेला लागत नाही. दुसरी गोष्ट जिभेला थेट कळत नाही, पण महत्त्वाची तीच आहे. खजूर झाडावर पिकताना त्यातली साखर फळातल्याच विकरांमुळे मोडते आणि मधात असते तशी होते. उकळलं की ते विकर मरतात आणि साखर न मोडता राहते. म्हणून खारीक चिकट होत नाही, कुटली की पीठ होतं. आपली खारीक पूड त्या आगीमुळे शक्य होते.

म्हातारबाबांना मी सांगितलं की माझे आजोबा मुंबईच्या धक्क्यावरून हाच माल वाहायचे. ते हिंदी बोलत होते, या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना ती येते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "वहाँ लोग इसका करते क्या हैं?" आयुष्यभर बुसूर शिजवलेल्या त्या माणसाने खारीक कधी फारशी खाल्लेली नव्हती. इथे कहव्याबरोबर, म्हणजे अरबी कॉफीबरोबर, पिकलेला खजूर खातात. मी त्यांना डिंकाचा लाडू सांगितला. अडकित्त्याने खारीक फोडून बी काढायची, उन्हात कडक करून खलबत्त्यात कुटायची, सुकं खोबरं किसून भाजायचं, खसखस भाजायची, डिंक तुपात फुलवायचा, गुळाचा पाक करून सगळं एकत्र वळायचं. बाळंतिणीला सवा महिना रोज सकाळी. ते हसून म्हणाले, "अरबाईन." चाळीस दिवस. इथेही बाळंतीण चाळीस दिवस जपतात. तिलाही खजूर, तूप, मेथी आणि मध देतात.

हा व्यापार किती जुना? पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची जी पुस्तिका लिहून ठेवली, त्या 'पेरिप्लस'मध्ये ओमाना नावाचं बंदर येतं. तिथून भडोचला काय जातं, या यादीत मोती, जांभळा रंग, मद्य आणि सोनं यांच्याबरोबर पुष्कळ खजूर आहे. भडोचहून उलट तांबं, चंदन, सागाचे वासे येतात. हे ओमाना म्हणजे सोहारच, असं काही विद्वान मानत. आता बरेच जण ते आणखी वायव्येला, आजच्या अमिरातीत दाखवतात. मुलूख मात्र हाच. त्याच पुस्तिकेत आपलं कल्याण आहे आणि चौलही आहे.

सोहारचा खरा वैभवकाळ त्यानंतरचा, नवव्या-दहाव्या शतकाचा. अल-मुकद्दसी हा अरब भूगोलकार दहाव्या शतकाच्या शेवटी लिहितो, तेव्हा या समुद्रावर सोहारइतकं मोठं नगर त्याला दिसत नाही. इथली घरं विटांची आणि सागवानाची होती असं तो सांगतो. साग ओमानात उगवत नाही. तो आला आपल्या सह्याद्रीच्या बाजूने. अल-मसूदी हा इतिहासकार सोहारहून समुद्रावर गेलेला माणूस, आणि तोच इ.स. 916च्या सुमारास चौलला होता. चौलमध्ये त्याला हजारो मुसलमान व्यापारी वस्ती करून राहिलेले दिसले. त्यात ओमानचे होते, सिराफचे होते, बसऱ्याचे होते. अलिबागजवळच्या ज्या चौलला आज आपण नारळ-सुपारीच्या वाड्या बघायला जातो, तिथे हजार वर्षांपूर्वी सोहारची माणसं शेजारी म्हणून राहत होती. खजूर त्यांच्या ताटात असणारच.

एवढं मोठं शहर वाळवंटाच्या कडेला जगलं कशावर? पाओलो कोस्ता आणि टोनी विल्किन्सन यांनी सोहारच्या पाठच्या प्रदेशाची पाहणी करून 1987 साली पुस्तक प्रसिद्ध केलं. वादी जिझ्झी या नदीपात्रातून फलज, म्हणजे पाट, खोदून पाणी शहराकडे आणलं होतं आणि त्यावर आजच्यापेक्षा कितीतरी आत, मैलोन्‌मैल शेती होती. आता तिथे नुसती खडी दिसते, पण खडीत खापरांचे बारीक तुकडे पसरलेले आहेत. शहरातल्या उकिरड्याचं खत शेतात जात होतं आणि त्याबरोबर फुटक्या भांड्यांचे तुकडेही गेले. मी तिथे चालले आहे. इतिहास शिकवताना जे फळ्यावर लिहून सांगावं लागतं ते इथे चपलेखाली वाजतं.

खजुराच्या बागा, पाट आणि साचलेलं पाणी म्हणजे डास, आणि डास म्हणजे हिवताप. इथून माझ्या गोष्टीला एक वेगळा फाटा फुटतो, पण तो सोडणं बरोबर नाही. आमच्या शेजारच्या घरातल्या नातवाला फूल द्यायचं नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. फूल म्हणजे बाकला या मोठ्या शेंगेच्या दाण्यांची उसळ. आखातात ती सकाळी रोटीबरोबर घरोघरी खातात, डब्यातही मिळते. त्या मुलाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर कमी आहे. बाकला खाल्ला की तांबड्या पेशी भराभर फुटतात, लघवी काळपट होते, अंग पिवळं पडतं, प्रसंगी रक्त द्यावं लागतं. काही औषधं त्यांना चालत नाहीत, डांबरगोळ्यांपासूनही जपावं लागतं. 1995च्या राष्ट्रीय पाहणीत ओमानातल्या मुलग्यांत साधारण चौघांत एकाला आणि मुलींत दहांत एकीला ही उणीव आढळली. इतकी का? कारण हीच उणीव हिवतापापासून काहीसं संरक्षण देते, असं शास्त्रज्ञ मानतात. पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या या बागांमध्ये शतकानुशतकं हिवताप होता. ओमानने निर्मूलनाची मोठी मोहीम सुरू केली तीच मुळी 1991मध्ये. ज्यांच्या रक्तात ही उणीव होती ते जास्त वाचले. खजुराने या माणसांना पोसलं आणि खजुराच्या बागेने त्यांच्या रक्तावर खूणही केली. आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आहे, त्याचंही मूळ हिवतापातच सांगतात.

अमुक पदार्थ आपल्याला बाधतो, असं आज फार सहज म्हटलं जातं. गहू बाधतो, दूध बाधतं, वांगं बाधतं. काहींना खरंच बाधतं, आणि ते तपासून घ्यावं. पण बाधणं म्हणजे काय ते त्या घरात कळतं. त्या आजी बाजारात प्रत्येक डब्याची चिठ्ठी नातवंडाकडून वाचून घेतात.

आता पुन्हा खारकेकडे. तिच्या प्रवासाचं वेळापत्रक निसर्गानेच आखून दिलेलं होतं. जुलैत खारीक तयार होते तेव्हा अरबी समुद्र उधाणलेला असतो, गलबत बाहेर काढता येत नाही. ऑगस्टच्या शेवटी वाऱ्याचा जोर उतरतो, पण दिशा तीच राहते, हिंदुस्थानाकडे नेणारी. आपल्याकडे कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात घालतात, त्याच्या आगेमागेच सूर आणि मस्कत या बंदरांतली गलबतं शिडं उभारत. भाद्रपद-आश्विनात माल मुंबईला लागे. दिवाळीला बाजारात नवी खारीक आणि थंडीला घरोघरी डिंकाचे लाडू. लाडू थंडीतच का, याचं उत्तर उष्ण-शीत प्रकृतीत आहे असं आपण म्हणतो. ते असेल. पण नवी खारीक हाती यायची तीही त्याच सुमारास. मोसमी वारा उलटला की तीच गलबतं तांदूळ, कापड, मसाले आणि लाकूड घेऊन परत फिरत.

पैसाही आपलाच चालायचा. ओमानात भारतीय रुपया 1970 पर्यंत चलनात होता. 1959 पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत असे. मस्कतचा व्यापार कच्छी भाटियांच्या हाती होता. त्यातली खिमजी रामदास ही 1870ची पेढी आजही आहे. या इतिहासात पेढ्यांची नावं मिळतात, जहाजांची मिळतात. हंडा ढवळणाऱ्याचं आणि पोतं वाहणाऱ्याचं नाव कुठे मिळत नाही.

1840 साली न्यूयॉर्कच्या बंदरात एक अरबी जहाज लागलं, 'सुलताना'. मस्कत आणि झांझिबारचे सुलतान सईद बिन सुलतान यांचं ते जहाज बांधलं होतं आपल्या माझगावच्या गोदीत. त्याच्या पोटात हस्तिदंत, लवंगा, मोचाची कॉफी आणि मस्कतच्या खजुराची तेराशे पोती होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ओमानच्या फर्द जातीच्या काळसर, चिवट खजुराची चटक लागली. लांबचा प्रवास सोसणारा माल होता, थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या आधी पोचायचा. मस्कतहून पेट्या भरभरून जात. मागणी वाढली तशी बातिनाच्या किनाऱ्यावर खजुराच्या लागवडीसाठी आणि पाणी ओढण्यासाठी पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे कष्ट ओतले गेले. मॅथ्यू हॉपर या अभ्यासकाने ते सविस्तर मांडलं आहे. मग अमेरिकन सरकारने खजुराची रोपंच उचलून कॅलिफोर्नियात लावली. तिथल्या कोचेला खोऱ्यात बागा उभ्या राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ओमानचा तो बाजार बसला. जी आवड जाहिरातीने आणि हंगामाने तयार होते ती अशी एका पिढीत उठून जाते. आणि ज्यांनी तिच्यासाठी झाडं लावली ते झाडांपाशी राहतात.

मुंबईचा बाजार मात्र गेला नाही. अमेरिकेत खजूर सणाची मिठाई होता. आपल्याकडे खारीक शरीराच्या कामाला लागली होती. बाळगुटीच्या सहाणेवर पहिला वेढा खारकेचा. मग बदाम, हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, प्रत्येकाचे मोजून वेढे. माझ्या आजीची सहाण मधोमध खोलगट झालेली होती. आज बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच सांगणं आहे, आणि ते ऐकलंच पाहिजे. माझ्या मुलाला मी गुटी दिली नाही. पण शेजारच्या घरी बाळ जन्मलं तेव्हा मी पाहिलं, घरातल्या वडीलधाऱ्याने खजूर चावून मऊ केला आणि बोटाने किंचित बाळाच्या टाळूला आतून लावला. तहनीक म्हणतात त्याला, धर्मातच सांगितलेला संस्कार. जावळीच्या खोऱ्यातल्या बाळाची आणि बातिनाच्या किनाऱ्यावरच्या बाळाची जीभ एकाच झाडाच्या फळाने गोड होत होती, आणि दोन्ही घरांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठी घरांत आहाराच्या लाटा एकामागून एक आल्या. सोहारच्या आमच्या मंडळींपर्यंतही त्या पोचल्या. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवण्याची पद्धत, तिच्यामागे श्रीकांत जिचकारांचं व्याख्यान. कुणी कीटो केला. कुणी गहू सोडून ज्वारी-नाचणी धरली, त्यातच 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. ऋजुता दिवेकर यांच्या लेखनाने तुपाला पुन्हा मान मिळाला आणि आजीच्या स्वयंपाकघराकडे परत चला हे वाक्य घराघरांत गेलं. यातून कित्येकांची साखर आटोक्यात आली, कित्येकांनी पाकीटबंद खाणं सोडलं. हे मी जवळून पाहिलं आहे आणि ते चांगलंच झालं.

पण आजीचं स्वयंपाकघर म्हणजे शिवाराच्या आतलं, बाहेरचं काहीही नसलेलं स्वयंपाकघर, ही समजूत मला पटत नाही. माझी आजी जावळीच्या खोऱ्याबाहेर क्वचितच गेली. तिच्या डब्यातली खारीक दीड-दोन हजार किलोमीटरवरून आलेली होती. खोबरं कोकणातून, खसखस माळव्यातून, हिंग अफगाणिस्तानातून, डिंकही गावच्या बाभळीचा पुरायचा नाही. उपासाच्या ताटात तर साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची चारही अमेरिका खंडांतून आलेल्या पिकांची. आजीचं शहाणपण गावापुरत्या धान्यात नव्हतं. लांबून आलेली महाग वस्तू कुणाला द्यायची, किती द्यायची आणि कधी थांबायचं, यात ते होतं. लाडू बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला. आम्हा पोरांना दिवाळीनंतर एक-एक, तोही आबा घरी असले तर. खारकेत साठ-सत्तर टक्के साखर असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती वाटायची मात्र ते माहीत असल्यासारखी. आज खारीक पूड 'साखरमुक्त' म्हणून विकली जाते आणि मधुमेही माणूस ती दुधात दोन चमचे घालून पितो. हे चूक आहे. शब्द बदलला म्हणून साखर बदलत नाही.

मनाला धीर देणारं खाणं प्रत्येकाचं वेगळं. इथल्या घरांत ते हलव्यात आहे. साखर, तूप, स्टार्च, केशर, वेलची आणि गुलाबपाणी तासन्‌तास घोटून केलेला, चमच्यावरून न सुटणारा. मुंबईत मस्कती हलवा म्हणून जे मिळतं त्याच्या नावात याचीच आठवण आहे. मयताच्या घरी, लग्नाच्या घरी, ईदला, आधी हलवा-खजूर आणि मग कहवा. बोलणं नंतर. परदेशातल्या पहिल्या वर्षी मला हे फार लागू पडलं. कुणी काही विचारत नसे, फक्त ताटली पुढे करत.

सोहारच्या परिसरातल्या शेतीचंही दुखणं सांगायला हवं. इथली लिंबं प्रसिद्ध होती. वाळवून काळी केलेली लूमी इराण-इराकपर्यंत जायची. 1970च्या दशकात केरसुणीसारखे बारीक फांद्यांचे झुबके झाडावर फुटायला लागले आणि झाडं मरायला लागली. त्या रोगाने बातिनाच्या लिंबाच्या बागा संपवत आणल्या. पंपांनी गोडं पाणी इतकं उपसलं की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरलं, किनाऱ्याजवळची खजुराची झाडंही शेंड्याकडून वाळली. ऑक्टोबर 2021च्या शाहीन चक्रीवादळाने सुवैक-खाबूराकडच्या बागांत पाणी घातलं. बागवानाचा मुलगा आज कारखान्यात पाळी करतो. झाडावर चढायला माणूस मिळत नाही, जो मिळतो तो बहुधा बांगलादेशी असतो.

आणि आपल्या बाजूचा बाजारही बदलला. मस्जिद बंदरचा बराच घाऊक व्यापार वाशीला गेला. ओमानच्या मालाची जागा मोठ्या प्रमाणात पाकिस्तानातल्या खैरपूरच्या खारकेने घेतली, तिथेही फळ असंच उकळून वाळवतात. पुलवामानंतर फेब्रुवारी 2019मध्ये पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयातशुल्क लागलं आणि खारकेचे भाव चढले. मे 2025मध्ये तिथून येणाऱ्या मालावर पूर्ण बंदी आली, दुसऱ्या देशातून फिरवून आणलेल्या मालावरसुद्धा. पुढच्याच महिन्यात न्हावा शेवाला महसूल गुप्तचरांनी 39 कंटेनर पकडल्याचं जाहीर केलं. दुबईमार्गे आलेली खारीकही त्या मालात होती. आबांच्या काळी खारकेच्या पोत्याचं गाव विचारलं की उत्तर मिळायचं. आता कागदावर एक देश असतो आणि फळ दुसऱ्या देशातलं.

म्हणून वाचणाऱ्यांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. यंदा लाडवासाठी खारीक घ्याल तेव्हा दुकानदाराला ती कुठली आहे हे विचारा, आणि मबसली ओमानची मिळाली तर तीच घ्या, कारण चुलीपाशी बसलेल्या त्या माणसांचा धंदा आपल्या मागणीवर उभा आहे. दुसरं, तुमच्या घरात कुणी मस्जिद बंदर, दाणाबंदर, कर्नाक बंदरला काम केलेलं असेल, हमाल, गुमास्ता, गाडीवान, कुणीही, तर त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. माल कुठून यायचा, पोत्यावर कुठली खूण असायची, गलबताच्या अरबी खलाशांशी कुठल्या भाषेत बोलायचे, ते काय खायचे. माझे आबा 1998 साली गेले. तेव्हा मी इतिहासाची पदवी घेत होते आणि त्यांना यातलं काहीही विचारलेलं नव्हतं.